अंधारातली नळी

समोरचं गोदाम पाडल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं. या घरात राहायला आलो तेव्हापासून त्या खिडकीतून गोदामाची भिंतच दिसायची, आणि तिच्यावर आपटून आत येणारा उजेड इतका पातळ असायचा की दिवसाही ओट्यावरचा दिवा लावावा लागायचा. पाडकाम चालू होतं तेव्हा कपाटातले पेले दिवसभर एकमेकांशी कुजबुजत राहिले. मग धूळ बसली, राडारोडा ट्रकमधून गेला, आणि एका सकाळी मी वाटाणे सोलत उभी होते तर माझ्या हातांवर ऊन होतं. हात क्षणभर ओळखीचे वाटले नाहीत, माझ्या आईचे असावेत तसे दिसले. वर्तमानपत्र घेऊन हे आत आले आणि दारातच थबकले.

"अगं, ही भिंत पिवळी आहे?"

"पांढरी होती."

"म्हणजे इतकी वर्षं आपण या कळकटात जेवत होतो." खुर्ची ओढून ते उन्हात बसले. "अज्ञानात सुख म्हणतात ते हेच."

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघंही काही ना काही निमित्त काढून त्या उन्हात उभे राहायचो. नळी लाल झालेली मला दिसली ती अशाच एका सकाळी, चहाच्या डब्याकडे हात नेताना. नळी दिवसभर उघड्या असणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर कायमचीच होती. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना काच वितळवून बंद केलेली. आत निम्म्याहून जास्त पाणी आणि वर थोडी मोकळी जागा. पाण्याचा रंग हिरवा, पण इतका फिका की कुणी सांगितल्याशिवाय हिरवा म्हणू नये. रोज कट्टा पुसताना मी ती उचलायचे आणि पुसून झालं की ठेवायचे. रोज हाताळलेल्या वस्तूकडे आपण बघत नाही. त्या सकाळी तिच्या तळाशी विटेच्या पुडीसारखा थर होता आणि वरचं पाणी नितळ, कसलाच रंग नसलेलं. डबा हातात तसाच राहिला. मनात पहिलं आलं ते रसायनशास्त्र नव्हतं. मनात आलं, आता किटलीला फोन करायला हवा.

किटली म्हणजे आमची मुलगी. पटकन तापते आणि तापली की आवाज करते, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. लहानपणी ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आमच्या खिडकीत समुद्र आहे. ते खोटंही नव्हतं. पृथ्वी नवी होती तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता. लोखंड गंजायला ऑक्सिजनची हवा लागते असं आपण शाळेत शिकतो. ती नव्हती म्हणून लोखंड समुद्रात विरघळून राहिलं होतं, पाण्यात साखर राहावी तसं. वर ओझोनचं छत्र नव्हतं. सूर्य आजच्यापेक्षा मंद होता, पण त्याच्या प्रकाशातला जो अतिनील भाग आता वरच्या वर अडतो तो तेव्हा थेट पाण्यापर्यंत पोचायचा. काही जणांचं म्हणणं असं की लोखंड गंजलं ते या उजेडानेच, हवेशिवाय. उजेड लोखंडाच्या अणूवर पडतो, अणूचा एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पाण्यातल्या हायड्रोजनला जाऊन मिळतो. हायड्रोजन वायू होऊन वर निघून जातो आणि लोखंड लाल होऊन तळाशी बसतं. थरावर थर. आज डोंगर खणून ज्या तांबड्या पट्ट्यांतून लोखंड काढतात, त्यांतले काही पट्टे अशा उन्हाने घातलेले असतील. दुसऱ्या काही जणांचं म्हणणं की नाही, एवढं काम उजेडाला एकट्याने झेपलं नसतं, ते जिवाणूंनी केलं. मी तरुण होते तेव्हा उजेडाच्या बाजूच्या, त्या पहिल्या काही जणांत होते.

त्या वेळी मी एका संशोधन संस्थेत होते, आणि शाळेला सुट्टी असली की किटली माझ्याबरोबर यायची. तळमजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे संस्थेचे काचवाले एकटेच बसायचे. आम्हाला लागणारी सगळी काच ते ज्योतीवर वळवून द्यायचे. फार कमी बोलायचे. बोलायचं तोंड फुंकण्यासाठी राखून ठेवलंय, असं म्हणायचे. नळ्या बंद करायच्या त्या दिवशी मी पाणी उकळून त्यातली हवा घालवली होती, नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून उरलीसुरलीही हाकलली होती, मग त्यात लोखंडाचा क्षार विरघळवला होता. नळ्या क्वार्ट्झच्या, म्हणजे साधी काच जो उजेड अडवते तोही त्यांनी आत येऊ द्यावा. काचवाल्यांनी त्यांचा काळा चष्मा किटलीला दिला. तो तिच्या नाकावर थांबेना, म्हणून ती दोन्ही हातांनी तो धरून स्टुलावर बसली होती. ज्योत क्वार्ट्झला लागली की पांढरी व्हायची. नळीची मान मऊ झाली, ओढली गेली, केसासारखी बारीक झाली आणि मिटली.

"झालं," काचवाले म्हणाले. "आता हिचं हिलाच माहीत."

दोन नळ्या केल्या होत्या, एकाच पाण्याच्या, एकाच ज्योतीवर. एक खिडकीत ठेवायची. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. आमच्या धंद्यात असं जोडीनेच काम करतात, म्हणजे पहिलीत काही घडलं तर ते उजेडाने घडलं की नुसत्या वेळाने, हे दुसरीवरून कळतं. किटलीला मी त्यांची नावं सांगितली होती: उजेडातली आणि अंधारातली. अंधारातलीकडे बघायचं नसतं, हेही सांगितलं होतं.

"एकदा पण नाही?"

"एकदा पण नाही. बघायला उजेड लागतो. उजेड पडला की ती अंधारातली राहत नाही."

"मग ती आत काय करते ते कसं कळणार?"

"शेवटी कळतं. उजेडातली लाल झाली की."

घरी परत येताना तिने मला विचारलं होतं की तो समुद्र रात्री काय करायचा. मी म्हणाले, थांबायचा. कशासाठी, असं तिने विचारलं आणि मी म्हणाले, सकाळसाठी. ती मग म्हणाली, पण सकाळ येणार हे त्याला कुणी सांगितलं होतं? तेव्हा मला हसू आलं होतं. आता मला त्या प्रश्नाचं हसू येत नाही.

संशोधनाचं पुढे काही झालं नाही. थोड्याच दिवसांत आमचा गट मोडला, खोली दुसऱ्या कुणाला मिळाली आणि मी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत लागले. नळ्या मी घरी आणल्या, कुणी त्यांची चौकशी केली नाही. गोदामाच्या सावलीत उजेडातलीला उजेड असा कधी मिळालाच नाही, पण तिची जागा खिडकी ही ठरलेली होती, म्हणून ती खिडकीत राहिली. आणि मी रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन बाटल्यांची रांग लावू लागले. शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं, मी त्यात एक रसायन घालते, पाण्यात लोखंड असेल तर ते नारिंगी होतं. जितकं गडद तितकं वाईट. कुठेतरी जमिनीखाली एखादा पाइप कुजलेला असतो आणि कुणाची तरी चादर धुताना डागाळलेली असते. एवढ्या वर्षांत लाल रंगाने माझ्या हाताखाली कधी चांगली बातमी आणली नाही. त्या दिवशीही मी कामावर गेले, बाटल्या लावल्या, आणि प्रत्येक बाटली उजेडाकडे धरताना मला वाटत राहिलं की ही माझीच नळी आहे.

कारण माझ्या नळीच्या बाबतीत दोन शक्यता होत्या आणि दोन्ही त्या गोदामातूनच आलेल्या. गोदाम गेलं आणि ऊन आलं. तेव्हा नळी उन्हाने लाल झाली असेल. पण गोदाम पाडताना घर हादरलं होतं, पेले वाजत होते, ह्यांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून निसटला होता. तेव्हा नळीच्या मानेला बारीक चीर गेली असेल, आत साधी हवा शिरली असेल आणि लोखंड साधंच गंजलं असेल, दाराच्या कडीसारखं. पहिली गोष्ट खरी असेल तर मी ज्या समुद्राची वाट बघत बसले तो माझ्या ओट्यावर येऊन गेला. दुसरी खरी असेल तर काहीच झालं नाही, एक वस्तू फुटली.

ह्यांना मी हे संध्याकाळी सांगितलं. हे दातांचे डॉक्टर आहेत, अजून अर्धा दिवस दवाखान्यात बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, दात बघायचा छोटा आरसा आणला आणि नळीच्या मानेभोवती तो फिरवून फिरवून बघितलं.

"कीड नाही," ते म्हणाले.

"अहो, चीर बघा."

"चीर अशी दिसत नसते. माणूस थंड पाणी पितो आणि कळवळतो, तेव्हा आम्हाला कळतं की आहे." त्यांनी नळी जपून माझ्या हातात परत दिली. "हिला दुखतं का, ते कसं विचारतात तुमच्यात?"

विचारायची एक रीत आहे. नळी बंद केली तेव्हा आतला वायू ज्योतीने तापलेला होता. गार झाल्यावर तो आक्रसला, त्यामुळे आत थोडी ओढ राहिलेली असते. नळीचं टोक पाण्याखाली धरून मोडायचं. पाणी आत ओढलं गेलं, तर नळी जशी बंद केली तशीच आहे, नवा वायू काही तयार झाला नाही. मग ही तिसरीच शक्यता, थोडा ऑक्सिजन आधीच राहून गेला असेल, त्याने गंज आला. काहीच झालं नाही, तर चीर आहे, ओढ केव्हाच निघून गेली. आणि आतून बुडबुडा बाहेर आला, तर तो हायड्रोजन, म्हणजे उन्हाने काम केलं. साधी परीक्षा आहे, शाळेतल्या मुलाला करता येईल. फक्त तिन्ही बाबतींत नळी संपते.

मी परात भरून घेतली. कानस घेतली. मानेवर कानशीची धार टेकवली आणि तशीच उभी राहिले. हे टेबलाशी बसून बघत होते.

"मी काढू का? माझ्या हाताला सवय आहे. गप्पा मारता मारता काढतो, समजतसुद्धा नाही."

मी कानस खाली ठेवली. मला काचवाल्यांची ती पांढरी ज्योत दिसत होती, आणि काळा चष्मा दोन्ही हातांनी धरून बसलेली किटली. त्या दिवसाची तेवढी मोकळी जागा त्या नळीत अजून बंद आहे. पाण्याच्या वर, बोटाच्या दोन पेरांएवढी. आम्ही तिघं जिथे होतो त्या खोलीतलं आणखी काहीच कुठे उरलेलं नाही.

"किटलीकडे दुसरी आहे ना," हे म्हणाले. "ती अंधारातली. तिला विचार की."

"हो. ती बघायलाच हवी. जोडीची आहे."

"मग कर फोन. शास्त्रीय कारण आहे तर करायलाच हवा." हे गंभीरपणे म्हणाले. इतकी वर्षं संसार केल्यावर मला त्यांच्या गंभीरपणाची पारख आहे.

किटलीने रसायनशास्त्र घेतलं ते बहुधा माझ्यामुळे, आणि शेवटच्या वर्षी सोडलं तेही. मला ती तसं म्हणाली नाही, पण ह्यांच्याशी बोलताना तिचा आवाज भिंतीतून यायचा. बाबा, मला नाही जमत, तिथे दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे नुसते मोजतात. दुसऱ्या शहरात बससेवेच्या कचेरीत तिला काम मिळालं, गाड्यांची वेळापत्रकं करण्याचं. हे म्हणाले, गाड्यांची का होईना, वेळ पाळणारं कुणीतरी आपल्या घरात निघालं. निघायच्या सकाळी तिने कपाटातून काळ्या कागदाची गुंडाळी काढली आणि बॅगेत स्वेटरांच्या मधे ठेवली. "ही मी नेते," ती म्हणाली. का, असं मी विचारलं. "उजेडातलीकडे तू आहेस. हिच्याकडे कोण आहे?" हे रिक्षा थांबवायला खाली गेले होते. ती उंबऱ्यात उभी राहिली, बॅगेचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला, परत पहिल्या खांद्यावर घेतला. "आई, काहीतरी बोल ना," ती म्हणाली. माझ्या हाताला साबण होता. मी म्हणाले, "कागद काढू नकोस." ती म्हणाली, "नाही काढणार." मग जिन्यात तिची पावलं ऐकू आली. ती गेल्यावर मला खुंटीवर तिचा मफलर दिसला. राखाडी, एका टोकाला उसवलेला. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती, रिक्षा अजून वळायची होती. मफलर तिथेच राहिला. धुवून परत तिथेच लावायचे.

पाणी निवळायला ठेवलं की भांड्याला हात लावायचा नाही, हे मी विद्यार्थिनी असताना शिकले. किती निवळलं ते बघायला उचललं की ते पुन्हा गढूळ होतं. मला हे कुणी शिकवावंही लागलं नव्हतं, माझ्या हातांचा तो स्वभावच होता. किटलीला लहानपणी ताप यायचा तेव्हा मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहायचे. आत गेले तर पाय वाजतील, झोप मोडेल. तिच्या पांघरुणाची वर खाली होणारी घडी तिथून दिसायची, तेवढी बघायचे. नंतर ती दूर गेली तेव्हाही मी तशीच उभी होते, फक्त दार लांब होतं. रविवारी फोन यायचा. हे तिच्याशी भरपूर बोलायचे, हसायचे, मग फोन माझ्याकडे द्यायचे. बरी आहेस ना. हो, तू? हो. थंडी आहे का तिकडे? आहे थोडी. फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघायचे. "काय म्हणाली?" "थंडी आहे." "मला नाही म्हणाली," असं म्हणून ते त्यातही माझी बाजू वर करायचा प्रयत्न करायचे.

फोन मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला, प्रयोगशाळेतून, मधल्या सुट्टीत. खोलीत बाटल्यांशिवाय कुणी नव्हतं. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. दवाखान्यात आहेत."

"दवाखान्यात?"

"स्वतःच्या. कुणाचा तरी दात काढतायत."

तिने श्वास सोडलेला ऐकू आला. "अगं, मग नीट सांग ना. आज रविवार नाही. वेळापत्रकात नसलेली गाडी आली की आमच्याकडे सगळे घाबरतात."

"नळी लाल झाली," मी म्हणाले.

पलीकडे कुठेतरी खुर्ची सरकली, दार लागलं. मग तिचा आवाज जवळ आला, बंद खोलीतला. "आज घरूनच काम करतेय मी," ती म्हणाली. "कधी झाली?"

मी तिला सगळं सांगितलं. गोदाम, ऊन, पेले, आरसा. दोन शक्यता. माझा आवाज मला अहवाल वाचत असल्यासारखा ऐकू येत होता. "तेव्हा तुझ्याकडची एकदा बघ," मी म्हणाले. "कागद काढ, रंग सांग आणि लगेच परत गुंडाळ."

ती मग अगदी सावकाश म्हणाली, "आई, हादरलं ते तुमचं घर. माझं नाही. माझ्या नळीवरून तुझ्या नळीची चीर कशी कळणार?"

शेवटचं वर्ष सोडलं होतं तरी तिला ते लगेच दिसलं. मलाही पहिल्यापासून दिसत होतं.

"नाही कळणार," मी म्हणाले.

"मग?"

समोरच्या रांगेत एका बाटलीतलं पाणी हळूहळू नारिंगी होत होतं. मी त्या बाटलीकडे बघत राहिले. हे काहीतरी विनोद करून मला सोडवायचे, पण हे तिथे नव्हते.

"मग काही नाही," मी म्हणाले. "तुझ्याशी बोलायचं होतं."

एवढं बोलायला मला त्या बाटलीचा आधार लागला. पलीकडे मग खिडकीची कडी वाजली, आणि काचेला काच लागल्यासारखा एक आवाज आला, बारीक, ओळखीचा.

"लाल आहे," किटली म्हणाली.

"अंधारात?"

"अंधारात कुठली, आई. खिडकीत आहे. आल्या आल्या काढली मी ती कागदातून. एक खोली, एक खुर्ची, कुणाशी ओळख नाही, आणि ती बिचारी फडताळात काळ्या कागदात. मला नाही बघवलं." तिचा आवाज तापायला लागला होता, नावाला शोभेल असा. "पहिल्याच उन्हाळ्यात झाली लाल. आधी तळाशी रेघ आली, मग रोज थोडी जाड. मी रोज सकाळी बघायचे. तुला सांगायचं होतं. फोन घ्यायचे हातात आणि मग बाबांना हवा कशी आहे ते सांगायचे."

"का नाही सांगितलंस?"

"कागद काढू नकोस म्हणाली होतीस. तू रागावशील वाटलं."

"मी नाही रागावले."

"मला कसं कळणार? तू रागावतेस तेव्हाही अशीच बोलतेस."

मला हसू आलं. मी म्हणाले, ती खराब झाली म्हणायची, जोडीला आता अंधारातली कुणी नाही, प्रयोग म्हणून याला काही अर्थ उरला नाही. ती म्हणाली, हो, ते मला माहीत आहे. आणि मग, विषय तोच असावा तसं, म्हणाली, "मला ताप आला की तू दारात उभी असायचीस."

"तू झोपलेली असायचीस."

"सोंग करायचे. डोळे मिटून पडले तर तू आत येशील, कपाळाला हात लावशील, असं वाटायचं. तू तिथेच. मग मला खरंच झोप लागायची."

बाटलीतलं पाणी आता गडद झालं होतं, बाटलीवर वेळ लिहायला हवी होती. मी लिहिली नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदाच एक नमुना वाया गेला. मी दारात उभी होते आणि ती आत जागी होती. ती डोळे मिटून होती म्हणून मी गेले नाही आणि मी जात नव्हते म्हणून ती डोळे उघडत नव्हती. मला वाटत होतं मी तिच्या झोपेला जपते आहे.

"किटली," मी म्हणाले. हे नाव ह्यांचं, मी सहसा घेत नाही. "मी येऊ का?"

"ये." तिने जराही वेळ घेतला नाही. मग तिचा आवाज कचेरीतला झाला. ती रडायला लागली की असा करते, हे मला तेव्हा आठवलं. "सकाळच्या पहिल्या गाडीने ये. दुसरी गाडी आहे असं लिहिलंय, पण ती येत नाही. ते मीच लिहिलंय. आणि डावीकडे बस. रस्ता सरळ उत्तरेला येतो, उजव्या बाजूला सबंध वाट ऊन लागतं."

"बरं."

"नळी घेऊन ये. दोन्ही फोडू, परातीत. नाहीतर इथे येऊन तू हात कुठे ठेवशील?"

"फोडल्या की संपलं सगळं."

"संपू दे," ती म्हणाली. "आत काय आहे ते तरी कळेल."

शनिवारी ह्यांनी मला गाडीत बसवून दिलं. येत का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, माझं तिच्याशी नेहमीचंच बोलणं आहे, तिथे येऊन तुमच्यात दाढ कशाला अडवू. खिडकीखाली उभे राहून त्यांनी बोटाने गाडीची डावी बाजू दाखवली. किटलीने त्यांनाही बजावलं होतं. मी मान हलवली. गाडी सुटली आणि ते दिसेनासे झाले तेव्हा मी उठले आणि उजवीकडच्या रिकाम्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले. गळ्यात राखाडी मफलर होता. नळी मांडीवरच्या पिशवीत होती. निघताना मी ती सवयीने काळ्या कागदात गुंडाळली होती. नमुना प्रवासाला निघाला की माझे हात दुसरं काही करत नाहीत. शहर मागे पडल्यावर मी ती बाहेर काढली, कागद सोडवला, त्याची घडी केली आणि नळी दोन्ही हातांत आडवी धरून उन्हात ठेवली. गाडीच्या धक्क्यांनी तळाचा थर उठत होता, धुरासारखा लाल होऊन पाण्यात पसरत होता, रस्ता बरा लागला की पुन्हा खाली बसत होता. तो बुडबुडा येईल की नाही, मला माहीत नाही. मला तो हवा आहे, हे मात्र खरं.

"अहो, इकडे सावलीत या ना," पलीकडच्या बाकावरची बाई म्हणाली. "ती बाजू फार तापते."

"असू दे," मी म्हणाले. "मला इथेच बसायचंय."

पुढे रस्ता जरा वळला आणि ऊन माझ्या हातांवरून सरकून बाकाच्या कडेला गेलं. मी नळी त्याच्यामागे न्यायला निघाले, तोवर गाडी पुन्हा सरळ झाली आणि ऊन परत हातांवर आलं. मग मी हात हलवले नाहीत. सबंध वाट आहे म्हणाली होती, आणि किटलीचं काम पक्कं असतं.